घरच्या वाय-फायवर घरचीच गाणी : खान्देशातल्या नवशिक्यांसाठी पहिल्यापासून

आपल्या घरातली गाणी चार ठिकाणी पडलेली असतात. थोडी जुन्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये, थोडी गाडीतल्या पेन ड्राइव्हवर, हळदीची आणि बँडची रेकॉर्डिंगं कुणाच्या तरी मोबाइलमध्ये, आणि कॅसेटी माळ्यावरच्या पेटीत. ही सगळी एका जागी आणता येतात आणि घरातल्या कुठल्याही मोबाइलवर, टीव्हीवर किंवा जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजवता येतात. त्याला दरमहा पैसे पडत नाहीत, आणि एकदा बसवलं की ऐकायला इंटरनेटही लागत नाही.

हिंदी-मराठी सिनेमाची गाणी कुठल्याही ॲपवर मिळतात, त्यासाठी एवढा खटाटोप करा असं मी म्हणणार नाही. पण श्रावणात कानबाईच्या रात्री आपल्या भावकीतल्या बाया जे म्हणतात ते, आखाजीला झोक्यावर म्हटलेली गाणी, भुलाबाईची गाणी, गावातल्या वहीगायनाच्या मंडळाचं एखादं रेकॉर्डिंग, हे कुठल्याच ॲपवर नसतं. दोन गावांत चाल बदलते, शब्द बदलतात. आपल्या गल्लीची चाल आपल्याच घरात राहिली तर राहिली. या लेखातला सगळ्यात मोठा भाग म्हणूनच सॉफ्टवेअरवर नाही, तर गाणी गोळा करण्यावर आणि त्यांना नीट नावं देण्यावर आहे. सॉफ्टवेअर अर्ध्या तासात बसतं.

हे चालतं कसं

एक कॉम्प्युटर गाणी सांभाळतो, त्याला सर्व्हर म्हणायचं. मोबाइल किंवा टीव्ही त्याच्याकडे गाणं मागतो, तो पाठवतो. मध्ये घरचा वाय-फाय राउटर असतो. ही देवाणघेवाण घरातल्या घरात होते, म्हणून बाहेरची फायबर लाइन तुटली तरी गाणी सुरूच राहतात. मात्र राउटर सुरू पाहिजे. भारनियमन असलेल्या गावात राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो बसवा.

पायरी पहिली : मशीन

नवीन काही घेऊ नका. घरात पडून असलेला ८-१० वर्षांपूर्वीचा लॅपटॉप या कामाला पुरून उरतो. स्क्रीन फुटली असेल, कीबोर्डची दोन बटणं गेली असतील तरी चालेल. बॅटरी थोडी जरी टिकत असेल तरी तोच त्याचा यूपीएस होतो.

लॅपटॉपवर तीन गोष्टी करा. पॉवर सेटिंगमध्ये चार्जिंगवर असताना स्लीप 'नेव्हर' करा. झाकण बंद केल्यावर काय करायचं, तिथे 'डू नथिंग' निवडा. आणि शक्य असेल तर तो लॅन केबलने राउटरला जोडा. लॅपटॉप-राउटर हा टप्पा तारेचा असला की निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

उन्हाचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत, बंद कपाटात किंवा गादीवर मशीन ठेवू नका. खाली दोन पट्ट्या देऊन तळाला हवा लागेल असं, घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीलगत ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती लगेच काढून टाका, फुगलेल्या बॅटरीवर मशीन चोवीस तास चालवायचं नाही.

विजेचं गणित सोपं आहे. असा लॅपटॉप सरासरी १५ वॉट घेतो असं धरलं, तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ५ वॉटच्या आसपास चालतो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. रास्पबेरी पाय ८० अंशांवर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे त्यालाही उन्हाळ्यात पंख्याची किंवा हीटसिंकची डबी लागते. पुढे हात बसला की रास्पबेरी पायकडे वळा. पहिल्यांदा लॅपटॉपच बरा, कारण त्यावर काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

पायरी दुसरी : गाणी गोळा करणं

लॅपटॉपवर एकच मोठा फोल्डर करा, त्याला 'म्युझिक' म्हणा. आत कलाकाराचा किंवा प्रसंगाचा फोल्डर, त्याच्या आत अल्बमचा. फोल्डर आणि फाइलची नावं रोमन लिपीत ठेवा, कारण गाडीतले जुने स्टीरिओ आणि काही टीव्ही देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दाखवतात. गाण्याचं खरं मराठी किंवा अहिराणी नाव टॅगमध्ये जाईल, ते पुढे येतंच.

जागा किती लागेल? ३२० केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला साधारण २.४ एमबी घेते. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, हजार गाणी १२ जीबी. घरच्या सीडी असतील तर त्या फ्लॅकमध्ये उतरवा. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही जात नाही आणि जागा सीडीच्या जवळपास निम्मी लागते. फ्रीॲक किंवा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एमपी३ चं मात्र फ्लॅक करू नका. त्यातून गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

आता कॅसेटी. हे काम हळूहळू करायचं आहे, घाई करू नका.

वर्षानुवर्षं पेटीत राहिलेली कॅसेट थेट प्ले करायची नाही. आधी तिची पट्टी पुढून-मागून नीट बघा. पट्टीच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसली तर ती बाजूला ठेवा, एका कॅसेटीची बुरशी हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. पट्टी दाबून धरणारा स्पंजाचा तुकडा जागेवर आहे का ते पाहा, तो गळला असेल तर आवाज दबका येतो. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. टेपच्या हेडवर आणि रबरी चाकावर तपकिरी थर बसलेला असतो. हेडचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, वाळू द्या आणि मगच कॅसेट घाला.

लॅपटॉपच्या एकुलत्या जॅकमध्ये टेपची वायर घालून रेकॉर्ड करायचा मोह होतो. तिथलं इनपुट बहुतेक वेळा माइकचं असतं. ते एकाच बाजूचा आवाज घेतं, आणि टेपचा सिग्नल त्याला झेपत नाही म्हणून आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपच्या लाइन-आउटमधून वायर त्यात, आणि लाइन-आउट नसेल तर हेडफोनच्या जॅकमधून, व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, ४४१०० हर्ट्झ ठेवा आणि गाण्यातला सगळ्यात चढा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा. सी-६० कॅसेटीची एक बाजू ३० मिनिटांची, सी-९० ची ४५ मिनिटांची. तेवढा वेळ ती पूर्ण वाजूच द्यावी लागते. एक बाजू म्हणजे एक फाइल, ती तशीच जपून ठेवा. मग तिची प्रत काढून गाणं संपेल तिथे खूण करत तुकडे पाडा. खरखर घालवायचे फिल्टर अगदी हलक्या हाताने वापरा, नाहीतर आवाजातली धारही निघून जाते. जुन्या रेकॉर्डिंगची थोडी खरखर राहू द्यावी, असं माझं मत आहे.

मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगांचा वेगळा प्रश्न असतो. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या ऑडिओ फाइलींची मूळ नावं जातात, उरते ती नुसती तारीख आणि नंबर. कुणी गायलंय, कुठल्या गावी, हे सांगणारी माणसं आत्ता समोर आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. पुढच्या वेळी रेकॉर्ड करताना व्हॉइस नोट पाठवायला सांगू नका, तिचा दर्जा बोलण्यापुरता असतो. मोबाइलचं रेकॉर्डर ॲप वापरा आणि फाइल केबलने उतरवा. बायांना आधी विचारा, आणि हे घरात ऐकण्यासाठीच आहे हेही सांगा. कानबाईपुढे म्हटलेलं गाणं त्यांना न विचारता बाहेर टाकणं बरोबर नाही.

पायरी तिसरी : टॅग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. म्युझिक सर्व्हर फाइलचं नाव फारसं बघत नाही, तो फाइलच्या आत लिहिलेले टॅग बघतो. शीर्षक, कलाकार, अल्बम, अल्बम कलाकार, ट्रॅक क्रमांक, वर्ष, प्रकार. हे रिकामे असतील तर शेकडो गाणी 'अननोन आर्टिस्ट'खाली एका ढिगात पडतील.

विंडोजवर एमपी३टॅग हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. फोल्डर त्यात ओढून टाकला की सगळ्या फाइली कोष्टकात दिसतात, दहा निवडून एकदम अल्बमचं नाव घालता येतं. सिनेमाच्या आणि नावाजलेल्या अल्बमांसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आहे. ते फाइलचा आवाज ओळखून बरेचसे टॅग आपोआप भरतं. अहिराणी गाण्यांना मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. ती हातानेच भरायची.

कानबाईच्या रात्रीच्या रेकॉर्डिंगचं उदाहरण घेऊ. शीर्षकात गाण्याची पहिली ओळ लिहा, कारण या गाण्यांना वेगळं नाव नसतं आणि घरात ती पहिल्या ओळीनेच ओळखली जातात. कलाकाराच्या रकान्यात जिने गाणं उचललं तिचं नाव लिहा, 'मोठी माय' किंवा 'काकू' एवढंच नको. तीस वर्षांनी ऐकणाऱ्याला कुणाची काकू ते कळणार नाही. अल्बम 'कानबाई जागरण २०२३', पुढे गावाचं नाव. अल्बम कलाकार 'घरची मंडळी'. प्रकार 'कानबाई'. शेऱ्याच्या रकान्यात हे गाणं तिने कुणाकडून घेतलं, माहेरच्या गावाहून आणलं की सासरी शिकली, ते लिहा. लिरिक्सच्या रकान्यात अहिराणी शब्द जसे म्हटले तसे घाला, ते सुधारून प्रमाण मराठीत आणू नका.

अल्बम कलाकार हा रकाना नवशिके हटकून सोडतात. एका अल्बमात आठ गाणी आठ जणींनी म्हटली असतील आणि हा रकाना रिकामा असेल, तर काही सॉफ्टवेअरमध्ये एका अल्बमाचे आठ अल्बम होऊन बसतात. सगळ्या आठही फाइलींत तो अगदी सारखा भरा.

शुद्धलेखन एकच ठेवा. 'अहिराणी' आणि 'अहिरानी' हे सर्व्हरला दोन वेगळे प्रकार वाटतात, कलाकाराच्या नावामागे एक जास्तीची स्पेस राहिली तरी नाव दोनदा दिसू शकतं. एका वहीत नावांची यादी करा आणि तिच्यातूनच भरा. जुन्या स्थानिक सीडींवर टॅग युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये घातलेले असतात, ते वाचता न येणाऱ्या इंग्रजी चिन्हांसारखे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, नाव तेवढं नव्याने टाइप करा.

'प्रकार' हा रकाना आपल्या घराच्या हिशेबाने वापरा. रॉक, पॉप आपल्याला काय कामाचे? आखाजी, कानबाई, भुलाबाई, लगीन, भजन, बँड, असे प्रकार केले की त्या-त्या सणाला एका बोटावर सगळी गाणी समोर येतात. आणि अल्बमच्या फोल्डरमध्ये 'कव्हर' या नावाने, रोमन अक्षरांत, जेपीजी फोटो ठेवला की तोच अल्बमचं चित्र म्हणून दिसतो. कॅसेटीच्या कागदाचा फोटो काढून तो तिथे ठेवा. घरच्या रेकॉर्डिंगला मांडलेल्या कानबाईचा फोटो ठेवा.

पायरी चौथी : सर्व्हर बसवणं

मी नव्या माणसाला नॅव्हिड्रोम सुचवतो. तो फुकट आणि मुक्त स्रोत आहे, फक्त संगीतासाठी बनलेला आहे आणि जुन्या मशीनवरही हलका चालतो. घरात सिनेमे आणि फोटोही याच मार्गाने बघायचे असतील तर जेलीफिन घ्या. ज्यांना टॅग भरायचेच नाहीत, फोल्डर उघडून फाइल वाजवायची सवय आहे, त्यांना नॅव्हिड्रोम पटणार नाही. त्यांनी विंडोजमध्ये फोल्डर शेअर करून व्हीएलसी या फुकट प्लेअरमधून ऐकावं.

नॅव्हिड्रोमच्या अधिकृत साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलर उतरवा. बसवताना तो पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, आणि संगीताचा फोल्डर विचारतो. पोर्ट ४५३३ तसाच राहू द्या, फोल्डर आपला दाखवा. तो विंडोजची सेवा म्हणून बसतो, म्हणजे मशीन चालू झालं की कुणी लॉगिन न करताही सुरू होतो. मग त्याच लॅपटॉपवर ब्राउझर उघडून 'लोकलहोस्ट' आणि पुढे अपूर्णविराम देऊन ४५३३ टाका, सगळं इंग्रजीत, म्हणजे localhost:4533 असं. पहिल्यांदा उघडल्यावर तो मुख्य वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड बनवायला सांगतो. हा पासवर्ड लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं काढा, म्हणजे प्रत्येकाच्या आवडीच्या खुणा आणि याद्या वेगळ्या राहतात.

आता लॅपटॉपचा घरातला पत्ता बघा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ पत्ता दिसेल, तो १९२.१६८.१.२५ असा काहीतरी असतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता, अपूर्णविराम आणि ४५३३ असं इंग्रजी अंकांत टाका. पान उघडलं तर काम झालं.

उघडलं नाही तर बहुतेक वेळा विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, आडवं आलेलं असतं. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये इनबाउंड रूल्सवर जा, नवा रूल करा, 'पोर्ट' निवडा, टीसीपी, ४५३३, अलाउ, आणि फक्त 'प्रायव्हेट'वर टिक ठेवा. घरचं नेटवर्कही विंडोजमध्ये प्रायव्हेट म्हणून नोंदलेलं आहे ना ते तपासा. मोबाइल राउटरच्या गेस्ट वाय-फायवर असेल तरीही सर्व्हर दिसत नाही.

आठवड्याभराने अचानक पत्ता लागेनासा झाला, तर राउटरने लॅपटॉपला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर जाऊन 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये लॅपटॉपला एक पत्ता कायमचा द्या. राउटरचं पान उघडायचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्याच पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो.

पायरी पाचवी : वाजवणं

मोबाइलवर ब्राउझरपेक्षा ॲप बरं. नॅव्हिड्रोम सबसॉनिक नावाची पद्धत बोलतो, त्यामुळे ती जाणणारं कुठलंही ॲप चालतं. अँड्रॉइडवर अल्ट्रासॉनिक फुकट आहे, सिम्फोनियम एकदाच पैसे देऊन घ्यावं लागतं पण फार नीट बनवलेलं आहे. आयफोनवर ॲम्पर्फी. ॲपमध्ये पत्ता घालताना आधी 'एचटीटीपी' (http://) लिहा, शेवटी 'एस' लावू नका, मग वरचा पत्ता आणि पोर्ट. शेतावर जाताना हवी ती गाणी ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवता येतात.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी एक जुना मोबाइल कायमचा ॲम्प्लिफायरला लावून टाका. मोबाइलच्या ३.५ मिमी जॅकमधून दोन आरसीए पिनांची वायर मागच्या 'ऑक्स'मध्ये घाला. 'फोनो' लिहिलेल्या जागी नको, ती तबकडीच्या प्लेअरसाठी असते आणि तिथे आवाज फाटतो. त्या मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर ॲप आणि सणांच्या याद्या, बाकी काही नको. 'आते कानबाईनं गानं लाव' असं आजीने म्हटल्यावर घरातल्या लहान पोराला ते कुणाला न विचारता लावता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर याद्यांची नावं आणखी सोपी करा.

अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी घाला. लॅपटॉपचा फोल्डर फक्त वाचण्याच्या परवानगीने शेअर केला की तो व्हीएलसीच्या लोकल नेटवर्कमध्ये दिसतो. सगळ्या खोल्यांत एकाच वेळी एकच गाणं हवं असेल तर लिरियन म्युझिक सर्व्हर किंवा स्नॅपकास्ट बघा, पण ते दुसऱ्या वर्षाचं काम समजा.

आवाज तुटत असेल तर गावाकडच्या धाब्याच्या घरांत कारण बहुधा भिंती असतात. मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय फार कमी पार जातं. मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. त्याचा वेग कमी असतो, पण सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकलाही सेकंदाला साधारण १ मेगाबिटच लागतं, म्हणून संगीताला तो भरपूर होतो. तरीही नाही जमलं तर राउटर ओसरीवरून मधल्या खोलीत आणा, किंवा मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा.

प्रती आणि बाहेरगाव

डिस्क कधीतरी जातेच. सिनेमाची गाणी पुन्हा मिळतील, घरची रेकॉर्डिंगं मिळणार नाहीत. म्हणून पूर्ण 'म्युझिक' फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क लॅपटॉपला जोडून ठेवू नका, कारण वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातील. दुसरी प्रत दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा मामाच्या गावी ठेवा. आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा डिस्क आणायची, नवीन गाणी भरायची आणि परत पाठवायची, असा नेम ठेवता येतो. महिन्यातून एकदा एखादं जुनं गाणं प्रतीवरून वाजवून बघा. न तपासलेली प्रत वेळेला उघडेलच याची खात्री नसते.

पुण्याला किंवा सुरतेला असलेल्या पोरांना हीच गाणी हवी असतील तर राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नका. अनोळखी माणसं असे उघडे पोर्ट सतत हुडकत असतात. शिवाय बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, त्यामुळे तो मार्ग चालतही नाही. टेलस्केल हे दूरच्या मशीनांना आपसात खाजगी जोडणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आणि पोरांच्या मोबाइलवर एकाच खात्याने बसवा. लॅपटॉपला टेलस्केलकडून १०० ने सुरू होणारा वेगळा पत्ता मिळतो. ॲपमध्ये घरच्या पत्त्याऐवजी तो घातला की सुरतेतही तीच यादी उघडते. फायरवॉलचा रूल फक्त प्रायव्हेटवर असल्यामुळे टेलस्केलची जोडणीही विंडोजमध्ये प्रायव्हेट दिसतेय ना, तेवढं बघून घ्या. बाहेरून ऐकताना मात्र घरचं इंटरनेट चालू असावं लागतं.